हललेली शेपटी

आमच्या स्टुडिओतून मेलेला वाघ कधी डोळे मिटून बाहेर पडला नाही. ते डोळे उघडायचं काम माझ्याकडे होतं. शिकारी मंडळी पेठच्या, हरसूलच्या रानात बिबट्या मारायची (आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात), मग नाना, म्हणजे माझे वडील, कॅमेरा घेऊन त्यांच्या मुक्कामावर जायचे आणि ते जनावर ‘बसवायचे’. हनुवटीखाली बांबूची बेचकी, पोटाखाली दुसरी, जबड्यात आडवी काडी, शेपटीला तार. मागे साहेब मंडळी बंदुका टेकवून उभी. आमच्याकडे फोटो काचेवर निघायचा. ती काच धुऊन, वाळून माझ्या मेजावर आली की माझं काम सुरू. बेचक्या, काड्या, तारा पुसून टाकायच्या, त्या जागी गवत उगवायचं, आणि शेवटी दोन्ही डोळ्यांत पेन्सिलीच्या टोकाने एकेक काळा ठिपका द्यायचा. काचेवर सगळं उलटं असतं, तिथला काळा ठिपका कागदावर पांढरा चमकतो. तेवढ्यावर वाघ जिवंत व्हायचा. गावातल्या एका बड्या वकीलसाहेबांच्या दिवाणखान्यात असाच एक वाघ खडकावर बसून समोर बघत होता, आणि वकीलसाहेब पाहुण्यांना सांगायचे की गोळी घालण्याच्या आदल्या क्षणी घेतलेला हा फोटो आहे. आम्ही घरात त्यावर पोट धरून हसायचो आणि बाहेर गप्प राहायचो. गिऱ्हाइकाची झाकली मूठ झाकलेलीच ठेवायची, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम होता.

स्टुडिओच्या वर आमच्या तीन खोल्या होत्या, तांबट आळीपासून हाकेच्या अंतरावर. सकाळी डोळा उघडायचा तोच हातोड्यांच्या ठोक्यांनी. ते दिवसभर चालायचे आणि जेवायच्या वेळेला एकदम थांबले की कानाला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. घरभर हायपोचा, म्हणजे काचा धुवायच्या औषधाचा वास. त्याच्यावर मात करायला आई फोडणीत लसूण जरा सढळ हाताने घालायची, आणि शनिवारी कुळथाचे शेंगोळे शिजायला लागले की त्या वासापुढे हायपो हरायचा. काचा वाळत असताना केर काढायचा नाही, चादर झटकायची नाही, पापड भाजायला चूल फुंकायची नाही, असा नानांचा कायदा होता. धुळीचा एक कण ओल्या काचेवर बसला की नवऱ्या मुलीच्या गालावर देवीचा व्रण उमटायचा. आई म्हणायची, “लोकांच्या घरी सोवळं देवाचं, आमच्या घरी काचेचं.” म्हणायची आणि कायदा पाळायची. तिच्या हातचा केर कित्येकदा दुपारपर्यंत कोपऱ्यात ताटकळत बसायचा.

आणि उत्तरेच्या खिडकीशी मी ताटकळत बसायचे. रिटचिंगच्या मेजाला खाली आरसा असायचा, तो उजेड वर फेकायचा, मध्ये तिरपी काच, आणि तिच्यावर वाकून पेन्सिलीची सुईसारखी टोकं झिजवत राहायचं. मला हात होता, हे नानाही कबूल करायचे. पण मला बूड नव्हतं. अर्धा तास झाला की माझा पाय मेजाखाली हलायला लागायचा. नाना त्यावर उपाय म्हणून मेजावर काठोकाठ भरलेलं फुलपात्र ठेवायचे. पाणी थरथरलं की त्यांच्या खोलीतून आवाज यायचा, “यमू, पाय.” त्यांना पाणी दिसत नसे, तरी कसं कळायचं कोण जाणे. आई तर सरळ म्हणायची की हिच्या पायाला भिंगरी आहे, ही पोर सासरी चार दिवस टिकायची नाही. आजही मला बसवत नाही. डॉक्टरांनी गुडघ्यांना विश्रांती सांगितली आहे, आणि हे लिहितानासुद्धा मी दोन वेळा गॅलरीत जाऊन आले.

त्या वर्षी माझी तगमग फार वाढली होती. त्याचं कारण लग्न नव्हतं, जरी चांदवडचं एक स्थळ सांगून आलं होतं आणि दिवाळीनंतर बैठक होईल असं आई धरून चालली होती. कारण ते वाघ होते. त्यांच्या अंगावरचे ठिपके मला पाठ होते. मिशीचे केस कुठून निघतात, कानामागचा पांढरा डाग केवढा असतो, मी झोपेत काढून दाखवला असता. पण तो चालतो कसा, बसताना आधी कुठला पाय मुडपतो, पाणी पितो तेव्हा कान कुठे असतात, यातलं मला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. मी आयुष्यात एकही जिवंत वाघ पाहिला नव्हता. मेलेल्याच्या डोळ्यात ठिपका देताना मला एकदम वाटायचं की मी खोटं बोलते आहे, आणि तेही अंदाजाने. मग मी पेन्सिल टाकून उठायचे, गच्चीवर जायचे, गच्चीवरून पुन्हा खाली यायचे. आई म्हणायची, “अगं, जिना झिजेल.”

अशात रेगेसाहेब आले. ते रेंजर होते, निवृत्त होऊन नाशकात घर करून राहिले होते. जन्मभर जंगलात काढलेला माणूस, पण त्यांच्या घरात एकही कातडं नव्हतं. ते गावोगाव जंगलावर व्याख्यानं द्यायचे. जादूच्या कंदिलातून पडद्यावर झाडांची, पानांची, पाऊलखुणांची चित्रं दाखवायचे. त्या काचा आमच्याकडे तयार व्हायच्या. एकदा ते काच न्यायला वर आले, माझ्या मेजावर अर्धवट पुसलेला एक वाघ पाहिला आणि म्हणाले, “नाना, तुमच्या लेकीने नाशिक जिल्ह्यातले सगळे मेलेले वाघ जिवंत केले. पण मला एक खरा जिवंत हवा आहे. तो कुणीच देत नाही.”

“खरा बसेल कशाला फोटोला?” नाना म्हणाले.

“तोच तर प्रश्न आहे. दसऱ्यानंतर आम्ही दोघं निघतोय. पेठ, सुरगाणा, पुढे जमेल तिथवर. संबंध हिवाळा. फोटोग्राफर शोधतोय, पण स्टुडिओतली मंडळी जनावर हललं की हात टेकतात.”

मी पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, “मुलगी चालेल?”

नाना हसले. रेगेसाहेब हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. “आमची ही असतेच बरोबर. तंबू दोन असतात. मुलगी असण्याचं काही नाही. एक जिवंत जनावर काचेवर आणून दाखव. पाऊस पडायच्या आत वाचनालयात माझं व्याख्यान आहे, तिथे ते पडद्यावर लावू. दहा माणसांनी मान डोलवली तर हिवाळा तुझा.”

ते गेल्यावर घरात जे व्हायचं ते झालं. आई म्हणाली, भिंगरी होतीच, आता तिला चाकं लावा. नाना म्हणाले, जाऊ दे, उन्हाळाभर मामाकडे जाऊन डास मारून येईल आणि गप्प बसेल. पण मला त्यांचा चेहरा कळत होता. जिल्ह्यातल्या एका जाणत्या माणसाने आपल्या मुलीला असं काही विचारावं, याने ते आतून फुलले होते. जाताना त्यांनी आपला अर्ध्या मापाच्या काचेचा जुना लाकडी कॅमेरा मला दिला. स्वतःच्या हाताने त्याचा भाता तपासला, उजेड गळत नाही ना ते अंधाऱ्या खोलीत दिवा लावून पाहिलं, आणि फुगा दाबला की झडप उघडते ती रबरी नळी दुसऱ्या नळ्या जोडून चांगली लांब करून दिली. नवी नळी कुठून आणली हे त्यांनी सांगितलं नाही. नंतर कळलं की आईच्या दुखण्यात आणलेलं एनिमाचं भांडं बिननळीचं झालं होतं.

माझा मामा दिंडोरीच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी राहायचा. नागली, वरई, थोडा भात, आणि शेरडं. वैशाखात सगळे झरे आटले की मामाच्या वरच्या शेताच्या टोकाला, खडकातल्या एका डोहात तेवढं पाणी उरायचं, आणि तिथे दुपारी वाघ येतो हे गावाला माहीत होतं. मी कॅमेरा करवंदीच्या जाळीत लपवला, वर काळं फडकं आणि फांद्या टाकल्या, नळी पाल्याखालून मामाच्या खोपीपर्यंत आणली आणि फुगा हातात धरून बसले.

बसले म्हणायचं एवढंच. पहिल्या दुपारी खारीने पानं वाजवली आणि मी फुगा दाबून काच वाया घालवली. दुसऱ्या खेपेला मामाचीच म्हैस डोहावर आली आणि तिच्या शिंगांचा सुरेख फोटो निघाला. मामा तपकिरीची चिमूट धरून माझ्याकडे बघत बसायचा.

“यमे, ऊन लय झालं का तो येतो. पन तू आशी चुळबुळ करत ऱ्हायलीस तर वाघ कशाचा, उंदीर बी यायचा नाय.”

“मामा, मला बसवत नाही.”

“मंग उभी ऱ्हा. पन येका जागी उभी ऱ्हा.”

मी खरंच उभी राहायला लागले. खोपीच्या कुडाला टेकून, एका पायावरून दुसऱ्या पायावर न जाता. घाम पाठीवरून ओघळायचा, केसांत कुसळं, कानात एक माशी ठाण मांडून. मामी दुपारी नागलीची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि कैरी घेऊन यायची, आणि कैरी चावल्याचा आवाज होईल म्हणून मी ती नुसती चोखायची. मला आठवतं, त्या दिवसांत मी मनातल्या मनात सारखी कुठेतरी निघालेली असायचे. डोहावरून सुरगाण्याला, सुरगाण्यावरून आणखी पुढे, जिथे कुठला रस्ता जातो हेही मला माहीत नव्हतं तिथे. पाय जागेवर आणि जीव धावतोय. आता माझी नात अभयारण्यात जीपमधून जाते आणि बोट दाबून धरलं की तिचा कॅमेरा नुसता कडकडत सुटतो. घरी येऊन सांगते, आजी, खूप वाट पाहिली गं, अख्खी सकाळ. मी तिला काही बोलत नाही. तिचे फोटो चांगले असतात.

वाघ आला तेव्हा मामा पेंगत होता. मला तो येताना दिसलाच नाही. खडक होता, आणि मग त्या खडकाला कान होते. तो खाली उतरला तो पुढच्या पायांवर सगळा भार टाकून, खांदे एकेक करून वर येत होते, आणि मला इतकं रडू आलं की काय सांगू. इतकी वर्षं मी खांदे चुकीचे समजत होते. तो पाण्याशी बसला, आधी उजवा पाय मुडपला, आणि प्यायला लागला. कान मागे वळलेले. शेपटी मागे खडकावर पडलेली होती, ती उचलली गेली, डावीकडून उजवीकडे गेली. मी फुगा दाबला. झडपेचा खट्ट आवाज झाला, त्याने मान वर करून बरोबर कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि पुढच्या क्षणी तिथे नुसतं पाणी हलत होतं. मामा जागा होऊन म्हणाला, “काय गं, म्हस का?”

काच मी तशीच, काळ्या कापडात गुंडाळून, मांडीवर घेऊन मोटारीतून नाशकात आणली. ती धुवायला नाना आणि मी अंधाऱ्या खोलीत उभे राहिलो. लाल दिव्यात थाळी हलवताना आधी पाण्याची रेघ आली, मग खडक, मग पाठ, आणि पाठीवरचे ठिपके एकेक करून. मिशासुद्धा. सगळं स्वच्छ. आणि मागे, जिथे शेपटी असायची तिथे, धुरासारखा एक पंखा पसरलेला होता. डावीकडून उजवीकडे.

“हलली!” मी ओरडले. “नाना, हलली बघा!”

नानांनी काच उजेडाकडे धरली, डोळ्यांशी आणली, पुन्हा लांब धरली. मग म्हणाले, “बाकी उत्तम आहे.” मला ते वाक्य तेव्हाच खटकायला हवं होतं, पण मी आनंदात होते. मी जिन्यावरून तीनदा वर-खाली केलं. आईला ओढत आणून ती ओली काच दाखवली. आई म्हणाली, “मला तर सगळं काळंपांढरंच दिसतं बाई,” पण तिने काचेला हात जोडले.

आईने नवस बोलला होता. मी रानातून धड परत आले तर गडावर सप्तशृंगीची ओटी भरायची. त्यामुळे दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघी वणीला निघालो. गाडी, धर्मशाळा, पायऱ्या, पुन्हा पायऱ्या. एरवी मला पायऱ्या आवडायच्या, पण तेव्हा माझं सगळं लक्ष नाशकात, वाळत ठेवलेल्या त्या काचेकडे होतं. आई देवीपुढे डोळे मिटून उभी होती आणि मी मागे उभी राहून मनात म्हणत होते, आई, झालं, चला. परतीच्या गाडीत आई म्हणाली, “चांदवडची माणसं वाईट नाहीत गं.” मी म्हटलं, “माहीत आहे. पण एक हिवाळा, आई.” ती खिडकीबाहेर बघत राहिली.

घरी पोचलो तर नाना जिन्याच्या तोंडाशीच उभे. एवढ्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. दोन दिवस दाढी केलेली नव्हती, डोळे तांबडे. त्यांनी मला हाताला धरून माझ्या मेजापाशी नेलं. आरशाच्या उजेडात माझी काच लावलेली होती.

शेपटी होती. खडकावर, नाना तारेने नेहमी देत तेच सुंदर वळण घेऊन, टोकाशी काळी गाठ, एकेक केस दिसावा अशी रेखीव. धुराचा पंखा नव्हता. त्यांनी तो पात्याने खरवडून काढला होता, मागचा खडक पुन्हा रचला होता आणि त्यावर पेन्सिलीने नवी शेपटी काढली होती. नाशकात तसं काम दुसऱ्या कुणाला करता आलं नसतं. एवढंच नव्हे, पाण्याकडे बघणाऱ्या डोळ्यात त्यांनी एक बारीकसा ठिपकाही दिला होता.

“तू नव्हतीस ते बरं झालं. तुझ्याने एवढं बसवलं नसतं,” ते म्हणाले. “कंदिलाची काचसुद्धा छापून रेगेसाहेबांच्या माणसाकडे पोचवली.”

मी म्हटलं, “नाना, तुम्ही माझा वाघ मारलात.”

“काय बोलतेस? सुधारला मी. डाग होता तो.”

“तो डाग नव्हता, ती शेपटी होती! तो हलत होता. तो हलत होता म्हणून तर आणला मी!”

“अगं, पण हललेला फोटो लोकांना दाखवायचा? माझ्या स्टुडिओतून?”

खरंच त्यांना कळत नव्हतं. जन्मभर त्यांनी हललेली माणसं दुरुस्त केली होती, रडणारी पोरं, थरथरणारे म्हातारे, पदर उडालेल्या बायका. हललेला हात म्हणजे वाया गेलेली काच. आपल्या लेकीचं पहिलं मोठं काम लोकांपुढे जाणार, तर त्यात हे वैगुण्य राहू नये, म्हणून हा माणूस दोन दिवस जेवायलासुद्धा उठला नव्हता. आईने तोंडावर बोट ठेवून मला गप्प राहायची खूण केली. मला त्यांचा इतका राग आला होता आणि त्यांच्या तांबड्या डोळ्यांकडे बघून इतकं वाईट वाटत होतं, की मी जिना उतरून सरळ गोदेच्या काठाला गेले आणि दिवेलागणीपर्यंत घाटावर येरझाऱ्या घालत राहिले. नंतर व्याख्यानापर्यंतचे दिवस आम्ही एकमेकांशी फक्त हायपो, पेन्सिल, पाणी एवढंच बोललो.

व्याख्यानाच्या संध्याकाळी वाचनालयाचं सभागृह खच्चून भरलं होतं. बायका मागे एका बाजूला. मी, आई आणि रेगेकाकू. काकूंनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, “गार पडलाय गं.” नाना पुरुषांत, शेवटच्या रांगेत, टोपी मांडीवर. पुढच्या खुर्च्यांवर आमची सगळी गिऱ्हाइकं, त्यात वकीलसाहेब. रेगेसाहेबांनी सागाचं पान दाखवलं, मोहाची फुलं दाखवली, चिखलातला पंजा दाखवला. मग ते म्हणाले, “आता एक जिवंत जनावर. आपल्याच गावच्या मुलीने टिपलेलं.”

पडद्यावर वाघ आला. माणसाहून मोठा. वकीलसाहेबांचा आवाज आला, “अहो, हा तर नानांचा वाघ! ती शेपटी मी ओळखली. माझ्या भिंतीवर हीच शेपटी आहे.” सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, या खेपेला पाण्याशी बसवला वाटतं. पुन्हा हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं, कौतुकाचंच होतं. रेगेसाहेब पडद्याजवळ गेले, शेपटीपाशी छडी नेली, वाकून पाहिलं. मग त्यांनी माझ्या दिशेला बघितलं नाही. कंदीलवाल्याला म्हणाले, “पुढची लाव.”

माझा हिवाळा संपला, एवढंच मला कळलं. मी उठायला लागले, पळून जायला. तेवढ्यात मागून आवाज आला, “थांबवा ती काच.”

नाना उभे होते. चार माणसांत बोलायची वेळ आली की ज्यांना घाम फुटायचा, ते नाना टोपी हातात चुरगाळत उभे होते.

“शेपटी माझी आहे,” ते म्हणाले. “मुलीच्या काचेवर ती हललेली आली होती. मला तो डाग वाटला. मी खरवडला आणि नवी काढली. वाघ जिवंत होता.”

“नाना, तुमचे सगळेच वाघ जिवंत असतात!” वकीलसाहेब मागे वळून म्हणाले, आणि लोक पुन्हा हसले.

“नाही,” नाना म्हणाले. “तुमचा मेलेला होता, वकीलसाहेब. आदल्या दिवशी मेलेला. हनुवटीखाली बेचकी होती, शेपटीला तार होती, वास यायला लागला होता म्हणून तुम्ही लांब उभे होतात. या गावात ज्यांच्या ज्यांच्या भिंतीवर वाघ आहे तो मी बसवलेला आहे. डोळे माझ्या पोरीने उघडलेत. ते सगळे माझे. हा एकटा तिचा होता, आणि तो मी बिघडवला.”

आता कुणी हसत नव्हतं. वकीलसाहेबांची खुर्ची करकरली, ते उठले, त्यांच्यामागे आणखी काहीजण उठले. पडद्यावर वाघ पाणी पीत होता. नाना टोपी घालून बाहेर पडले आणि मी बायकांच्या रांगेतून वाट काढत त्यांच्यामागे धावले. रस्त्यात मी त्यांना गाठलं. ते म्हणाले, “तो पंखा मला परत नाही काढता यायचा, यमू. मी बघितलं करून.” मी त्यांच्या बाहीला धरून चालत राहिले.

त्यानंतर शिकारी मंडळींचा निरोप आमच्याकडे कधी आला नाही. वकीलसाहेबांनी तर रस्ता बदलला. पुढे आम्ही लग्नं, मुंजी आणि शाळांचे वर्ग यांवर राहिलो. ते सगळं नानांनी त्या सभागृहात उभं राहतानाच जाणलेलं असणार, कारण धंदा त्यांच्याइतका कुणाला ठाऊक नव्हता.

व्याख्यानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रेगेसाहेब जिना चढून आले. खुर्चीवर बसले नाहीत, चहा नको म्हणाले. माझ्याकडे न बघता त्यांनी आईला विचारलं, “वहिनी, मुलीकडे थंडीचे कपडे आहेत का? दसऱ्यानंतर तिकडे पहाटे फार गारठा असतो.”

“आहेत,” नाना घाईने म्हणाले.

नव्हते. साहेब लोकांच्या मुक्कामावर जाताना घालायला शिवलेला नानांचा एक काळा लोकरी कोट होता, घरात लोकर म्हणाल तर तेवढीच. रेगेसाहेब जिना उतरेपर्यंत आईने तो पेटीतून काढला होता, आणि कात्रीच्या टोकाने बाहीची शिवण उसवायला घेतली होती. नाना तिच्याकडे बघत राहिले.

“काय बघताय?” ती मान वर न करता म्हणाली. “तुम्हाला आता कुठे जायचंय हा घालून?”